फलक छपाई

दुकाने, कार्यालये, रस्ते, वाहने आणि सार्वजनिक जागा यांच्यासाठी लागणारे फलक छापण्याच्या तंत्रास फलक छपाई असे म्हणतात. पुस्तकांच्या किंवा वर्तमानपत्रांच्या छपाईपेक्षा ती तीन बाबतींत वेगळी आहे. फलक दुरून वाचला जातो, तो उन्हापावसात राहतो आणि तो बहुधा कागदाऐवजी फ्लेक्स, व्हिनाइल, कापड, धातू किंवा ॲक्रिलिक यांवर छापलेला असतो. त्यामुळे फलकावरील रंग हा केवळ शोभेचा विषय राहत नाही. शाई, ज्यावर ती पडते तो माल, फलकावर पडणारा प्रकाश आणि वाचकाचे अंतर या चारही गोष्टींनी मिळून तो रंग ठरतो. छपाई यंत्राची निवड करतानाही त्याची किंमत किंवा वेग यांपेक्षा फलक कोठे, किती काळ आणि कोणत्या उजेडात लागणार याचा विचार आधी करावा लागतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतातील बहुतेक फलक हाताने रंगवले जात. महाराष्ट्रात ‘पेंटर’ हे व्यवसायाचे नाव अनेकांच्या नावाला कायमचे जोडले गेले. कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव मेस्त्री हे बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखले जातात. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले होते.

१९८० च्या दशकात संगणकाने चालणारी कापणी यंत्रे आली. रंगीत व्हिनाइलच्या चिकटपट्टीतून अक्षरे कापून ती पाटीवर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. १९९० च्या दशकात द्रावकयुक्त शाई वापरणारी मोठ्या रुंदीची इंकजेट यंत्रे बाजारात आली आणि त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत ‘फ्लेक्स’ पोहोचला.

या बदलात रंगाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. पेंटर डब्यात रंग कालवत असे आणि तो पाटीवर लावूनच पाहत असे, म्हणजे त्याला दिसणारा रंग हाच गिऱ्हाइकाला मिळणारा रंग होता. कापलेल्या व्हिनाइलचा रंगही त्या पातळ पट्टीच्या अंगातच मुरलेला असतो. छापील फलकाचा रंग मात्र आधी प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर ठरतो आणि नंतर चार शायांच्या ठिपक्यांतून नव्याने घडवला जातो. छपाईच्या दुकानात ऐकू येणाऱ्या ‘संगणकावर वेगळा दिसत होता’ या तक्रारीचे मूळ या दोन टप्प्यांमधील अंतरात आहे. यंत्र बिघडलेले असेलच असे नाही.

रंग कसा दिसतो

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांना प्रकाशाच्या लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीची संवेदना अधिक असते. ही त्रिरंगी कल्पना टॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली व पुढे हेल्महोल्ट्झ यांनी विकसित केली. संगणकाचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र करून रंग निर्माण करतो. तिन्ही पूर्ण तेजाने लागले की पांढरा दिसतो. यास बेरजेचे रंगमिश्रण म्हणतात.

शाईचे काम याच्या उलट चालते. सायन शाई लाल प्रकाश शोषते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी शाई निळा प्रकाश शोषते. उरलेला प्रकाश परावर्तित होऊन डोळ्यात शिरतो. हे वजाबाकीचे मिश्रण होय. तिन्ही शाया एकावर एक दिल्या तर तत्त्वतः काळा रंग मिळायला हवा, प्रत्यक्षात मळकट तपकिरी मिळतो, म्हणून चौथी काळी शाई घेतात. पांढरा रंग या चारांत नाही. तो मालाचाच असतो. त्यामुळे पिवळट फ्लेक्सवर छापलेला आकाशी रंग हिरवट दिसतो आणि तीच फाईल निळसर पांढऱ्या व्हिनाइलवर छापली तर वेगळी दिसते. पारदर्शक ॲक्रिलिकवर किंवा रंगीत मालावर छापायचे असेल तर पांढऱ्या शाईचा थर वेगळा द्यावा लागतो.

रंग मोजण्याची आजची पद्धत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १९३१ च्या मानक निरीक्षकावर उभी आहे. याच आयोगाने १९७६ मध्ये ‘लॅब’ रंगावकाश स्वीकारला. त्यात प्रत्येक रंगाला उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा असे तीन अंक मिळतात. दोन रंगांमधील अंतरास ‘डेल्टा ई’ म्हणतात. ते सुमारे १ असेल तर शेजारी ठेवलेल्या दोन नमुन्यांतील फरक सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवतो. ‘थोडा गडद करा’ यासारख्या शब्दांऐवजी अंकांत बोलता येणे हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे, विशेषतः एकाच बँकेच्या किंवा दुकानमालिकेच्या पाट्या वेगवेगळ्या शहरांत छापल्या जातात तेव्हा.

रंगव्याप्ती

एखादे यंत्र जेवढे रंग दाखवू किंवा छापू शकते त्या समूहास त्याची रंगव्याप्ती म्हणतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा, शुद्ध नारिंगी आणि गडद जांभळा हे चार शायांच्या व्याप्तीबाहेर पडतात. भगवा हे महाराष्ट्रातील नेहमीचे उदाहरण. पडद्यावर तो तेजस्वी दिसतो, पण मॅजेंटा आणि पिवळ्या शाईतून छापताना त्याचे तेज उतरते. मॅजेंटा वाढवली तर तो लालसर होतो, कमी केली तर हळदीकडे झुकतो. काही यंत्रांत यासाठी नारिंगी, हिरवी किंवा जांभळी अशा जादा शाया असतात.

येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. ‘सहा रंगांचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत जादा दोन शाया फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा अशा असतात. त्यांनी चेहऱ्यावरील फिक्या छटा मऊ होतात व ठिपके दिसत नाहीत, पण रंगव्याप्ती वाढत नाही. भगवा सुधारण्यासाठी असे यंत्र घेणे व्यर्थ आहे.

प्रकाशाचा परिणाम

दोन नमुने एका प्रकाशात सारखे व दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसण्यास रंगसमरूपता म्हणतात. हाताने रंगवलेल्या जुन्या पाटीशी नवी छापील पाटी दुकानातल्या दिव्याखाली जुळवली तर ती उन्हात जुळेलच असे नाही, कारण दोहोंतील रंगद्रव्ये निरनिराळी असतात. मुद्रणव्यवसायात नमुने तपासण्यासाठी डी५० हा सुमारे ५००० केल्विन वर्णतापमानाचा प्रमाण प्रकाश वापरतात. पिवळ्या सोडियम दिव्याच्या प्रकाशात निळा घटक अत्यल्प असल्याने त्याखाली निळी अक्षरे काळपट दिसतात. पांढऱ्या एलईडी पथदिव्यांखाली हा दोष बराच कमी होतो.

मागून उजेड दिलेल्या पेटीच्या फलकात प्रकाश शाईतून आरपार येतो. समोरून पाहण्यासाठी पुरेशी असलेली शाई तेथे फिकी पडते. त्यामुळे बॅकलिट फ्लेक्सवर शाईचे प्रमाण वाढवतात किंवा दोनदा छपाई करतात. अशा फलकाचा नमुना दिवा लावून आणि दिवा बंद करून असा दोन्ही वेळा पाहणे आवश्यक असते.

वाचनीयता

अक्षर वाचता येणे हे मुख्यतः अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकावर अवलंबून असते. रंग भिन्न असणे पुरेसे नाही. लाल आणि हिरवा हे परस्परांपासून कितीही वेगळे वाटले तरी त्यांचा उजळपणा सारखा असल्यास अक्षरांच्या कडा डोळ्यात नाचतात, आणि लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या व्यक्तीला तर अक्षर दिसतच नाही. हा दोष पुरुषांत अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. काळ्यावर लाल अक्षरेही टाळावीत. लाल प्रकाशाची संवेदना कमी असलेल्यांना तो लाल जवळजवळ काळाच भासतो, आणि तिन्हीसांजेला निरोगी डोळ्यालाही लाल रंग निळ्याहिरव्याच्या तुलनेत अधिक काळवंडलेला दिसतो. या घटनेस चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांचे नाव आहे. बाहेर पडण्याचा मार्ग, विद्युत धोका किंवा रुग्णालयाची दिशा दाखवणाऱ्या फलकात अशी चूक केवळ सौंदर्यदोष ठरत नाही.

फलक व्यवसायात दहा फूट अंतरासाठी एक इंच उंचीचे अक्षर हा ढोबळ नियम प्रचलित आहे. शंभर फुटांवरून वाचायच्या पाटीला त्यानुसार दहा इंची अक्षर लागते. हा नियम रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार येतात. म्हणून उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भागच धरणे आणि वरखाली वेगळी जागा सोडणे योग्य ठरते. पाटीवर अक्षर ‘बसवण्यासाठी’ ते उभे दाबले की प्रथम अनुस्वार आणि जोडाक्षरांतील बारीक फटी बुजतात. गडद पार्श्वभूमीवर कोरी ठेवलेली पांढरी बारीक अक्षरे तर आणखी नाजूक, कारण चारही शाया नेमक्या एकावर एक न पडल्यास त्यांच्या कडांवर रंगीत झालर येते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या फलकावर मराठी नाव देवनागरी लिपीत असणे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही या तरतुदीखाली आली.

ठिपक्यांची घनता किती हवी हेही अंतरच ठरवते. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे ओळखतो. एक मीटर अंतरावर हे माप सुमारे ०.२९ मिलिमीटर भरते, म्हणजे इंचाला सुमारे ८७ बिंदू. दहा मीटरवरून पाहणाऱ्याला इंचाला ९ बिंदूही पुरतात. इमारतीवरच्या भव्य फलकासाठी ३०० बिंदूंचे चित्र मागणारा ग्राहक केवळ फाईल जड करतो. उलट, संग्रहालयातील माहितीफलक हातभर अंतरावरून वाचला जात असल्याने तेथे ही काटकसर चालत नाही.

रस्त्यांवरील वाहतूक चिन्हे हा वेगळा प्रांत आहे. भारतात त्यांचे रंग, आकार आणि अक्षरे भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेनुसार ठरतात. ही चिन्हे परावर्ती पत्र्यावर तयार होतात. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश पत्र्यातील सूक्ष्म मणी किंवा लोलक पुन्हा वाहनाकडे परतवतात. त्यावरील रंगीत थर पारदर्शक असावा लागतो. साधी अपारदर्शक शाई वापरली तर फलक दिवसा योग्य दिसतो आणि रात्री त्याचा तो भाग काळा पडतो.

रंगव्यवस्थापन

पडद्यावरील रंग आणि छापील रंग यांची सांगड घालण्याच्या पद्धतीस रंगव्यवस्थापन म्हणतात. त्यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापन झाला. त्याच्या मानकानुसार प्रत्येक यंत्राच्या वर्तनाची नोंद एका फाईलमध्ये ठेवली जाते. तिला प्रोफाइल म्हणतात. प्रोफाइल हे एकट्या यंत्राचे नसते. यंत्र, शाई, माल आणि छपाईचा वेग यांच्या एका विशिष्ट जुळणीचे ते असते. यांपैकी एक बदलले तरी जुने प्रोफाइल निरुपयोगी ठरू शकते. स्वस्त शाईची बाटली बदलल्यावर ‘यंत्राने रंग सोडला’ असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

प्रोफाइल बनवण्याआधी शाईची मर्यादा ठरवतात. चार शाया पूर्ण दिल्यास एकूण प्रमाण ४०० टक्के होते, पण कोणताही फ्लेक्स किंवा व्हिनाइल एवढी शाई पचवत नाही. ती ओघळते, चिकट राहते आणि गुंडाळी केल्यावर मागच्या बाजूला उठते. पावसाळ्यात दमट हवेने हा त्रास वाढतो. मर्यादा ठरल्यावर रंगपट्ट्या छापून त्या वर्णपटमापीने मोजतात आणि ‘रिप’ नावाची संगणकप्रणाली त्यावरून शाईचे हिशेब करते. मोजमाप यंत्र महाग असल्याने लहान दुकाने माल पुरवठादाराचे तयार प्रोफाइल वापरतात. ते नसण्यापेक्षा बरे, पण स्वतःच्या यंत्रावर आपल्या नेहमीच्या मालाचा रंगतक्ता छापून भिंतीवर लावणे आणि ग्राहकाला त्यातून रंग निवडू देणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय. बोधचिन्हाचा ठरावीक रंग कळवण्यासाठी १९६३ मध्ये सुरू झालेली पॅन्टोन क्रमांकपद्धती वापरतात. मात्र पॅन्टोनचे कित्येक रंग चार शायांत येत नाहीत, हे काम स्वीकारतानाच सांगावे लागते.

शाया आणि यंत्रे

फ्लेक्स बॅनर छापणाऱ्या रुंद यंत्रांत प्रामुख्याने सॉल्व्हंट शाई असते. तीतील द्रावक व्हिनाइलचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि रंगद्रव्य आत रुजते. छपाई स्वस्त पडते व उन्हात टिकते. तिची वाफ मात्र उग्र असते. बंद गाळ्यात, खिडकीवर पंखा न लावता अशी यंत्रे दिवसभर चालवणे कामगाराच्या आरोग्यास अपायकारक आहे. इको-सॉल्व्हंट शाईतील द्रावक सौम्य असतात. ती हळू वाळते, म्हणून यंत्रात तापपट्ट्या असतात. बारीक छपाई, वाहनांवरील व्हिनाइल आणि दुकानांच्या पाट्या यांसाठी ती प्रचलित आहे. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. तिलाही हवा खेळती लागते आणि छपाईनंतर लॅमिनेशन करण्यापूर्वी माल सुमारे एक दिवस उघडा ठेवावा लागतो, नाहीतर अडकलेल्या द्रावकामुळे चिकटद्रव्य मऊ पडून कडा उचलतात.

लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित असते. या शाईची एचपी कंपनीची यंत्रे २००८ पासून बाजारात आहेत. उष्णतेने पाणी उडते आणि बहुवारिकाचा पातळ पापुद्रा रंगद्रव्य धरून ठेवतो. छापलेला माल लगेच हाताळता येतो, वास कमी येतो, त्यामुळे रुग्णालये आणि शाळांच्या आतील भिंतींसाठी ती सोयीची आहे. तिला वीज अधिक लागते आणि उष्णतेने आक्रसणाऱ्या पातळ मालावर ती अडचणीची ठरते.

अतिनील शाई प्रकाशाने क्षणात घट्ट होते. सपाट पाट्याच्या यंत्रावर ती ॲक्रिलिक, सनबोर्ड, काच, लाकूड व धातूचे पत्रे यांवर थेट छापता येते आणि बहुधा पांढऱ्या शाईची सोय असते. या पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसते. शाई सतत फिरती ठेवावी लागते, आणि यंत्र आठवडाभर बंद राहिले तर छिद्रे बुजण्याचा धोका असतो. घट्ट झालेला थर काहीसा ठिसूळ असल्याने वळणाऱ्या पृष्ठभागासाठी लवचीक शाई निवडावी लागते. न वाळलेल्या शाईचा त्वचेला स्पर्श झाल्यास अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत. पॉलिस्टर कापडी झेंडे व पडद्यांसाठी सब्लिमेशन, तर एकच रचना शेकडो प्रतींत हवी असेल तेव्हा स्क्रीन छपाई आजही उपयोगी पडते. स्क्रीनमध्ये रंग डब्यातच कालवलेला असल्यामुळे भगवा भगवाच राहतो.

यंत्राची निवड

माहितीपत्रकातील वेग हा बहुधा सर्वांत कच्च्या छपाईचा असतो. शाईचा माथा एकाच पट्ट्यावरून जितक्या फेऱ्या करतो तितकी छपाई एकसारखी होते, पण फेऱ्या दुप्पट केल्यास वेग सुमारे निम्मा होतो. तुलना करताना दोन्ही यंत्रांवर विकण्याजोग्या दर्जाची छपाई लावून तासाला किती चौरस फूट निघतात ते पाहावे. प्रात्यक्षिकासाठी विक्रेत्याचे झगझगीत चित्र न घेता स्वतःची फाईल आणि स्वतःचा माल न्यावा. त्या फाईलमध्ये एकसलग करडा पट्टा, सपाट भगवा व गडद निळा चौकोन, माणसाचा चेहरा आणि लहान देवनागरी मजकूर असावा. करड्या पट्ट्यावर रंगाची झाक, सपाट चौकोनांत आडव्या रेघा आणि मजकुरात बुजलेले अनुस्वार चटकन उघडे पडतात.

खर्चात शाई आणि माल यांच्याबरोबर माथ्याची झीज, वीज, वातानुकूलन आणि बंद दिवसांतील सफाईत वाया जाणारी शाई धरावी लागते. बुजलेला माथा बदलणे हा अनेक लहान व्यवसायांचा वर्षातील सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च असतो. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ आणि सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न ठिपक्याच्या आकारापेक्षा अधिक मोलाचा ठरतो. ज्याच्याकडे महिन्यातून चार-दोनच ॲक्रिलिक पाट्या येतात त्याने अतिनील यंत्र न घेता ते काम बाहेरून छापून घेणे आणि इको-सॉल्व्हंट यंत्राबरोबर एक चांगले कापणी यंत्र ठेवणे शहाणपणाचे असते. एकरंगी अक्षरांच्या पाटीला कापलेले व्हिनाइल छपाईपेक्षा सहसा अधिक टिकते.

टिकाऊपणा

रस्त्याकडेचे जुने फलक निळसर झालेले दिसतात. चार शायांपैकी पिवळी आणि मॅजेंटा यांची रंगद्रव्ये अतिनील किरणांनी आधी विटतात. सायनमधील थॅलोसायनिन आणि काळ्यातील कार्बन मात्र तग धरतात. भगव्याचे नुकसान त्यामुळे दुहेरी होते. त्यात सायन जवळजवळ नसतेच, आणि आधी कोणती शाई विटते त्यानुसार तो पिवळट किंवा गुलाबी होत जातो. लाल अक्षरांत लिहिलेली धोक्याची सूचना प्रथम पुसट होणे हा याच कारणाचा गंभीर परिणाम आहे. अशा सूचना अंगभूत लाल व्हिनाइलमधून कापाव्यात किंवा काळ्या अक्षरांत द्याव्यात. अतिनील शोषणाऱ्या लॅमिनेशनने आयुष्य वाढते. पश्चिम आणि दक्षिण दिशेकडे तोंड असलेल्या फलकांना ऊन अधिक लागते.

माल आणि निर्बंध

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टर जाळीच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर दिलेला कपडा. त्याचा पुनर्वापर अवघड असतो आणि तो जाळल्यास क्लोरीनयुक्त विषारी वायू बाहेर पडतात. केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून भारतभर प्रतिबंधित आहेत. पर्याय म्हणून सुती व पॉलिस्टर कापड आणि पॉलिइथिलीनचा माल वापरात येत आहे. सॉल्व्हंट शाई ज्या रीतीने पीव्हीसीत रुजते तशी ती पॉलिइथिलीनमध्ये रुजत नाही. अशा मालावर छपाईपूर्व लेप द्यावा लागतो किंवा लॅटेक्स अथवा अतिनील यंत्राकडे वळावे लागते.